तांदळासारखं तीनदा धुवायचं

तुम्हाला ज्या माणसाने काम शिकवलं, त्याच माणसाची चूक तुमच्या हाती लागली, तर तुम्ही आधी कोणाला सांगाल? त्याला, की त्याच्या वरच्या माणसाला?

उत्तर लगेच देऊ नका. मी लगेच दिलं होतं.

मी ज्या घरात वाढले तिथे चहाच्या कपाखाली पत्रकं असायची. वडील इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. आई स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलचं हँडल फिरवायची, आणि मी घड्या घालायचे. अक्षरओळख मला शाळेआधी त्या कागदांवर झाली. वडिलांचे नियम ठरलेले. पहिल्या ओळीत प्रश्न, मग वस्तुस्थिती, शेवटी मागणी. "मागणी नसलेलं पत्रक म्हणजे रडगाणं," असं ते म्हणायचे. आणि वस्तुस्थिती कळली की त्याच दिवशी छापायची, कारण झाकून ठेवलेली वस्तुस्थिती कुजते.

हे नियम घेऊन मी सिंगापूरला पीएचडीसाठी आले. गेल्या दशकाच्या मधली वर्षं होती. राहायला मिळालं बुकित बातोकमधल्या एका फ्लॅटमधली मागची खोली. पुढच्या खोलीत ताई राहायची. ताई पुण्याची, माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी, आमच्याच प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर करारावर काम करणारी संशोधक. तिचा नवरा जहाजावर इंजिनिअर होता, पाच-पाच महिने समुद्रावर. मी त्याला दाजी म्हणायचे आणि ताई हसायची. "दाजी काय गं. तो ऐकेल तर जहाजावर फेटा बांधून फिरेल."

आम्ही दोघी सकाळी एकाच बसने जायचो, एकाच फ्यूम हूडपाशी, म्हणजे वाफा ओढून घेणाऱ्या काचेच्या कपाटापाशी, दिवसभर उभ्या राहायचो आणि संध्याकाळी एकाच कुकरचा भात खायचो. काम मला तिनेच शिकवलं. प्रोफ, म्हणजे आमचे प्रोफेसर, भले माणूस होते, पण आठवड्यातून एकदा दिसायचे.

काम काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दोन चकत्या समजा. सपाट, कार्बनच्या. त्या एकमेकींना जोडायच्या. पण दोन्हींच्या कडेला जाड गाठी आहेत, त्यामुळे जोडल्यावर त्या सपाट राहू शकत नाहीत, पिळलेल्या राहतात. हा पीळ एका बाजूला पडला तर रेणू उजवा, दुसऱ्या बाजूला पडला तर डावा. वजन तेच, अणू तेच, पण आपल्या दोन हातांसारखे, एकावर दुसरा ठेवला तर बसत नाही. आम्हाला फक्त उजवे हवे होते.

जोडायचं काम पॅलेडियमचा अणू करतो. आधी तो पहिल्या चकतीच्या आणि तिला धरून बसलेल्या ब्रोमीनच्या मध्ये घुसतो. मग बोरॉनच्या हातातून दुसरी चकती घेतो. मग दोन्ही चकत्या एकमेकींना जोडून देतो आणि स्वतः बाहेर पडतो, पुढच्या जोडीसाठी. तयार मालात त्याचा मागमूस नसतो. मला तो अणू आमच्या गल्लीतल्या माग चालवणाऱ्यांपैकी एक वाटायचा.

एकटा पॅलेडियम डावं-उजवं ओळखत नाही. त्याला लिगँड नावाचा एक मोठा, वेडावाकडा रेणू धरून बसतो. हा लिगँड स्वतः एकाच हाताचा असतो, आणि त्याच्या आकारामुळे चकत्यांना एका बाजूनेच वळायला जागा मिळते. ताईने दोन वर्षं खपून असा एक लिगँड बनवला होता. त्याने बनलेल्या मालात शंभरातले सत्त्याण्णव रेणू उजवे निघत. आमच्या धंद्यात या आकड्यावर माणसाला मान मिळतो.

मान बाजूला ठेवा. ताईचा करार त्या वर्षी संपत होता. या कामाचा पेपर छापून आला तर प्रोफ आणखी दोन वर्षांसाठी तिचं नाव पुढे करणार होते. नाही आला, तर एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे राहून नोकरी करायचा परवाना, संपणार, आणि पासबरोबर फ्लॅट, बस, कुकर, सगळं. दाजींचं जहाज वर्षातून दोन-तीनदा सिंगापूरला लागायचं. त्यांचा एकत्र संसार तेवढ्या दिवसांचा होता आणि तो या बंदरामुळे होता. हे ती कधी बोलली नाही. फ्रिजवर तिने जहाजाच्या फेऱ्यांचा कागद लावला होता, मला तो रोज दिसायचा.

पेपरात एक जागा रिकामी होती. पॅलेडियम हे नेमकं कसं करतो? डावं की उजवं हे कोणत्या पायरीवर ठरतं, दुसरी चकती हातात घेताना की दोन्ही जोडताना? एकच लिगँड असलेला एकटा अणू काम करतो, की दोन अणू जोडीने? ही यंत्रणा शोधण्याचं काम प्रोफनी मला दिलं.

पहिल्या आठवड्यात ताईने मला माल साफ करायला शिकवलं. अभिक्रिया संपवून फ्लास्कमधला द्रव वाफ करून उडवला की तळाशी पिवळट पावडर राहायची. तिच्यावर थंड हेक्झेन, पेट्रोलसारखा एक द्रव, ओतायचं, काचेच्या कांडीने हलवायचं, निवळलं की वरचं ओतून द्यायचं.

"किती वेळा?" मी विचारलं.

"तांदूळ किती वेळा धुतेस?"

"तीनदा."

"मग तीनदा."

"आमच्याकडे पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतात."

"तुमच्याकडे पंचगंगा आहे. इथे हेक्झेन सांभाळून वापर."

त्या ओतून दिलेल्या हेक्झेनला आम्ही दोघी धुवणच म्हणायचो. बाकीच्या मुलांना शब्द कळत नव्हता, पण पद्धत त्यांनीही उचलली होती. ताईने शिकवलं, म्हणून सगळी प्रयोगशाळा तीनदा धुवायची. धुतलेली शुभ्र पावडर यंत्रात घालायची. यंत्रात एक लांब नळी असते, तिच्यातून डावे आणि उजवे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि पडद्यावर दोन शिखरं उमटतात, उजव्यांचं उंच, डाव्यांचं बुटकं.

माझा प्रयोग साधा होता. लिगँडमध्येच मुद्दाम भेसळ करायची. एका फ्लास्कमध्ये शुद्ध उजवा लिगँड, दुसऱ्यात थोडा डावा मिसळलेला, तिसऱ्यात आणखी थोडा. आणि मालात किती उजवे निघतात ते पाहायचं. प्रत्येक अणू एकेका लिगँडबरोबर एकटा काम करत असेल, तर लिगँडमध्ये जेवढी भेसळ, त्याच प्रमाणात मालात, आणि आलेखावर सरळ रेषा येते. रेषा वाकली, तर अणू जोडीने किंवा टोळीने काम करतात असं समजायचं.

माझी रेषा वाकली. वरच्या टोकाला, जिथे भेसळ थोडी होती, ती सरळ रेषेच्या बरीच वर गेली. भेसळ असूनही माल जवळजवळ शुद्ध.

मी घरी फोन केला. वडिलांना रसायनशास्त्र येत नाही, पण अणू जोडीने काम करतात एवढं त्यांना पुरलं. "म्हणजे तिथेही एकट्याचं काही चालत नाही," ते म्हणाले. पंधरा दिवसांनी आईने फोटो पाठवला. एका पत्रकाच्या मधोमध वाक्य होतं: प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे की अणूसुद्धा एकजुटीने काम करतात. मी ते ताईला दाखवलं.

"अजून तिसरी फेरी झाली नाही प्रयोगाची," ती म्हणाली, "आणि इचलकरंजीत सिद्ध झालं?"

तिसऱ्या फेरीपासून मला काही कळेनासं झालं.

तोच लिगँड, तेच तापमान, तीच भेसळ, आणि तीन वेळा तीन वेगळे आकडे. शिवाय खालच्या टोकाचे ठिपके, जिथे भेसळ खूप होती, ते सरळ रेषेच्या वर जाण्याऐवजी खाली पडत होते. वरच्या टोकाला वर आणि खालच्या टोकाला खाली, असं दोन्ही करणारी जोडी कुठली? मी चार अणूंची टोळी मांडून पाहिली. मग दोन टोळ्या, एक मोठी आणि एक लहान. मग टोळ्या वेळेनुसार बदलतात असं धरलं. एका आठवड्यात माझ्या वहीत तीन यंत्रणा होत्या, आणि प्रत्येक यंत्रणा दोन ठिपके समजावून तिसरा सोडून देत होती. मी लिगँडची बाटली बदलली. पाणी शिरतंय का म्हणून काचा भट्टीत वाळवल्या. माझ्याच हाताचा संशय येऊ लागला, कारण ताईच्या हातून तेच काम झालं की आकडा जवळपास सारखा यायचा.

"तू घाबरत घाबरत करतेस," ती म्हणाली. "फ्लास्कला कळतं."

"फ्लास्कला कळत नाही, ताई."

"माहितीये. पण तू हसलीस ना."

ठिणगी पडली ती कंजूषपणामुळे. एका फेरीत पावडर इतकी थोडी निघाली की धुवण फेकवेना. त्यात थोडा तरी माल विरघळला असेलच, म्हणून मी ते टाकाऊ द्रवाच्या बाटलीत ओतलं नाही. हेक्झेन उडवलं, तळाशी थोडी पिवळी खरड राहिली. ती वापरण्याजोगी आहे का हे बघायला यंत्रात घातली.

पडद्यावर दोन शिखरं आली. पण डाव्यांचं शिखर बुटकं नव्हतं. साधारण दोन उजव्यांमागे एक डावा.

धुतलेल्या पावडरीत डावे जवळजवळ नाहीत, आणि धुवणात एवढे आहेत. म्हणजे ते फ्लास्कमध्ये होते. पॅलेडियमने ते बनवले होते. आम्ही ते धुऊन टाकत होतो.

त्या आठवड्यात मी पाच वेगवेगळ्या फ्लास्कची धुवणं वेगळी ठेवली आणि तपासली. एकात भेसळ कमी, एकात जास्त, सगळ्या तऱ्हा. आणि इथे मी पुरती गोंधळले, कारण पाचही धुवणांत प्रमाण सारखंच होतं. दोनास एक. माल कसाही असो, धुवण तेच. असं का व्हावं हे मला कळेना. कळलं एवढंच, की सत्त्याण्णव हा आकडा अभिक्रियेचा नाही. तो अभिक्रिया आणि धुणं या दोघांचा मिळून आहे, आणि पेपरात धुण्याबद्दल एक शब्द नाही. कच्च्या मालाचा आकडा बराच खाली असणार होता.

पाचवं धुवण तपासलं तो गुरुवार होता. पेपर शुक्रवारी पाठवायचा होता. आणि ताई त्या दिवशी रजेवर होती. दाजींचं जहाज बंदरात लागलं होतं, त्यांना एका दिवसाची सुट्टी होती, आणि दोघं मरीन परेडला दाजींच्या मित्राकडे जाऊन मग तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवणार होती. सकाळी तिने निळा कुर्ता घातला होता आणि मला दोनदा विचारलं होतं, बरा दिसतोय का.

फोन करता आला असता. मी स्वतःला सांगितलं की तिचा दिवस कशाला बिघडवायचा. ते खोटं नव्हतं. पण माझी बोटं आधीच ईमेल लिहू लागली होती, हेही खरं. प्रोफना लिहिलं. पहिल्या ओळीत प्रश्न: आपल्या तक्त्यातले आकडे धुण्याआधीचे आहेत की नंतरचे? मग वस्तुस्थिती, पाच धुवणांचे आकडे. शेवटी मागणी: पेपर थांबवावा. ताईचा उल्लेख कुठेही केला नाही. तेव्हा मला तो माझा सभ्यपणा वाटला. प्रयोगशाळेत एकूण सात माणसं होती आणि ती अभिक्रिया फक्त तिची होती.

प्रोफचं उत्तर तासाभरात आलं. उद्या दहा वाजता, दोघींनी यावं. आणि उत्तर त्यांनी ताईलाही पाठवलं होतं, खाली माझं पत्र जसंच्या तसं.

संध्याकाळी सातला दाराशी चपला वाजल्या. ताई एकटीच आली. दाजी परस्पर बंदरावर गेले होते. तिने माझ्यासाठी बांधून आणलेली नूडल्सची पिशवी टेबलावर ठेवली. "गार झालं असेल," एवढंच म्हणाली. मग ओट्यापाशी गेली आणि तांदूळ काढले. नूडल्स आणलेले असताना तांदूळ का काढले हे मी विचारलं नाही. तिने पातेल्यात पाणी घेतलं, बोटं फिरवली, पहिलं पाणी ओतून दिलं.

"किती आलं?" तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

"काय?"

"धुवणात."

"दोनास एक."

"एका फ्लास्कचं?"

"पाच. पाचही सारखेच."

तिचा हात थांबला. "सारखेच कसे येतील? भेसळ वेगळी असताना?"

"तेच कळत नाहीये मला."

ती पातेलं तसंच ठेवून बाहेर गेली. दाराबाहेर आमच्या चपलांचा रॅक होता. तिने तिच्या, माझ्या, दाजींच्या राहून गेलेल्या, सगळ्या चपला आत आणून फरशीवर ओतल्या आणि मांडी घालून बसली. निळा कुर्ता तसाच.

"हे बघ. डावा आणि उजवा भेटला की जोडी लागते." तिने एक जोडी बाजूला ठेवली. "जोड्यांचे स्फटिक वेगळे. उरलेले सुटे उजवे, त्यांचे स्फटिक वेगळे. पावडर म्हणजे या दोन्हींची मिसळ. आता हेक्झेन येतं. ते जोड्या थोड्या नेतं, सुटे थोडे नेतं, आणि दोन्ही ठराविक प्रमाणात नेतं. जोवर दोन्ही शिल्लक आहेत तोवर धुवण सारखंच येणार."

"म्हणजे दोनास एक."

"हं. आणि मागे काय राहील?"

मी चपलांकडे बघत राहिले. "जे जास्त असेल ते."

"शुद्ध मालात सुटे उजवे जास्त. जोड्या धुऊन संपतात, उजवे राहतात, आकडा वर जातो. तुझ्या खूप भेसळीच्या फ्लास्कमध्ये जोड्याच जास्त. तिथे सुटे संपतात, जोड्या राहतात..."

"आणि आकडा खाली जातो."

"तुझी वाकडी रेषा," ती म्हणाली. "वर वर, खाली खाली. पॅलेडियमचा काही संबंध नाही. आणि तू कधी जास्त हेक्झेन ओतायचीस, कधी कमी, म्हणून तीन वेळा तीन आकडे."

मला आठवडाभर न कळलेलं तिला पंधरा मिनिटांत कळलं होतं. आम्ही दोघी फरशीवर बसलो होतो, मध्ये चपलांचा ढीग. क्षणभर तिचा चेहरा उजळला होता, उलगडा झाल्यावर माणसाचा उजळतो तसा. मग तिला आठवलं असावं.

"हे मला आधी विचारलं असतंस," ती म्हणाली, "तर पत्रात लिहायला तुझ्याकडे कारण तरी असतं. आता नुसता आरोप आहे."

"ताई, मी तुझं नाव लिहिलं नव्हतं."

"काय पत्रकबाई," ती म्हणाली. "आम्ही जेवत होतो. मी त्याला फोनवर जहाजाचा फोटो दाखवत होते, तेवढ्यात स्क्रीनवर तुझं पत्र आलं. त्याने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, घरचंच आहे."

तिने चपला एकेक करून परत नेल्या. भात त्या दिवशी शिजलाच नाही. तांदूळ भिजून फुगले, ते सकाळी मी फेकले.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्रोफच्या खोलीत ताईनेच बोलायला सुरुवात केली. चपलांऐवजी फळ्यावर आकृत्या काढल्या, पण उलगडा तोच. शेवटी म्हणाली, "धुतल्याचं मी लिहिलं नाही. मला ते लिहिण्यासारखं वाटलंच नाही. कोणी भात केला तर तांदूळ धुतले असं सांगतं का?"

"मीही धुवायचो," प्रोफ म्हणाले. "आणि मी तुला कधी विचारलं नाही." मग सपाट सुरात, शेवटी तिथल्या बोलीतला 'लाह' लावून: "सगळं परत करा, लाह. न धुता."

ताईच्या कराराचे आठ आठवडे उरले होते. आम्ही सगळं परत केलं. अभिक्रिया संपली की धुण्याआधी चिमूटभर माल काढून ठेवायचा आणि तोच मोजायचा. घरात आम्ही मीठ-साखर आणि बसची वेळ एवढंच बोलायचो, पण फ्यूम हूडपाशी तिचं शिकवणं थांबलं नाही. माझी पकड चुकली तर ती माझं मनगट धरून दुरुस्त करायची, पहिल्यासारखीच. मला ते कसं घ्यावं हे कळत नव्हतं. रागावलेली माणसं मनगट धरत नाहीत असं मला वाटायचं. मग वाटायचं, फ्लास्क महाग आहे म्हणून धरत असेल.

सातव्या आठवड्यात आलेख पूर्ण झाला. सरळ रेषा. पट्टी ठेवून मारावी तशी.

"तुझा अणू एकटाच काम करतो," ताई म्हणाली. "एक अणू, एक लिगँड. वडिलांना कळव."

मी कळवलं. "मग दुरुस्ती छापावी लागेल," वडील म्हणाले. पुढच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला, तळाशी, लहान अक्षरांत ती छापली. त्यांच्या अजून चालणाऱ्या त्या जुन्या सायक्लोस्टाइलवर लहान अक्षरं फुटतात. आईने पाठवलेल्या फोटोत मला 'अणू' एवढंच वाचता आलं.

आणि सरळ रेषेने तरी काय सांगितलं? अणू जोडीने काम करत नाहीत, एवढंच. डावं-उजवं कोणत्या पायरीवर ठरतं, ते तिने सांगितलं नाही. मी प्रबंध लिहिला तेव्हाही त्या परिच्छेदात 'कदाचित' तीनदा आलं. तपासनिसांनी एक कमी करायला सांगितलं.

पेपर पुढे गेला, लहानसा, खऱ्या आकड्यांसह. त्यात एक ओळ आहे: सर्व मोजमापे धुण्यापूर्वीच्या मालावर केली आहेत. ती ओळ ताईची आहे. पण तो निघाला तोवर करार संपला होता. प्रोफनी तिचं नाव पुढे केलं होतं. वरच्या लोकांनी मोठा आकडा असलेलं दुसरं काम निवडलं. फ्रिजवरचा जहाजाचा कागद तिने काढला, तेव्हा त्यावर पुढच्या दोन फेऱ्या अजून शिल्लक होत्या.

विमानतळावर जायच्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या बॅगेवर बसून चेन लावत होतो. मी विचारलं, "मी चुकले का?"

"कशात?"

"सगळ्यात."

"धुवण तपासलंस ते बरोबर. माझ्याकडून सुटलं होतं ते. तू मला सांगितलं असतंस तर मी स्वतः त्याच दुपारी प्रोफना फोन केला असता. पेपर तरीही थांबला असता." चेन अडकली होती, ती तिने मागे घेऊन पुन्हा ओढली. "मी केला असता हे तुला वाटलं नाही. ते मला अजून समजलेलं नाही. रोज एका कुकरमधलं जेवून तुला मी कशी दिसत होते?"

मी तिला चूक लपवणारी समजले नव्हते. कसंच समजले नव्हते. त्या दुपारी ती माझ्या डोक्यात नव्हतीच, फक्त वस्तुस्थिती होती आणि शुक्रवार होता.

ताई आता पुण्यात शिकवते. दाजींचं जहाज पुण्याला लागत नाही. आम्ही अधूनमधून बोलतो, बहुतेक वेळा लिगँडबद्दल. मी तो दिवस अनेकदा उलटसुलट करून पाहिला आहे. फोन केला असता तरी करार संपलाच असता, पास गेलाच असता. मग फरक कशात पडला असता? पडला असता हे मला माहीत आहे, पण नेमका कोणत्या पायरीवर, ते मला दाखवता येत नाही.

तरी मागणी लिहिते, कारण तिच्याशिवाय हे रडगाणं होईल. तुमच्यापैकी जे प्रयोगशाळेत काम करतात त्यांनी उद्या सकाळी, धुण्याआधी, चिमूटभर माल बाजूला काढावा. तो मोजावा, धुतलेला मोजावा, आणि दोन्ही आकडे लिहावेत. फरक निघाला, तर ज्याने तुम्हाला धुवायला शिकवलं त्याला फोन करा. तो रजेवर असला, जेवायला बसलेला असला, तरी करा. ईमेल त्यानंतर लिहा, आणि जमलं तर त्याच्या शेजारी बसून.